पसरणी घाटातलं फुगलेलं पाकीट

पुण्याहून महाबळेश्वरला मोटारीने गेला आहात का? खंबाटकी घाट ओलांडला, की सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळायचं. वाईच्या ढोल्या गणपतीला नमस्कार केला, की खरी मजा सुरू. पसरणी घाट!

डोंगरावर सरळ रेषेत रस्ता काढला, तर तो इतका उभा होईल की भरलेली एस.टी. चढणारच नाही. म्हणून वळणं देऊन तो लांबवतात. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी १३०० च्या आसपास. वर हवेचा दाब कमी, म्हणून कानांना दडे बसतात आणि वेफर्सचं बंद पाकीट उशीसारखं टम्म फुगतं. आवंढा गिळा, कान मोकळे होतील. (पाकीट मात्र वर पोचेपर्यंत फोडू नका. जमलं तर!) पाचगणीच्या पारसी पॉइंटवरून खाली धोम धरणाचं पाणी दिसतं.

परत येताना एकदा आमच्या काकांनी पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. गाडी सुसाट! दाबून दाबून ब्रेक तापले, जळका वास आला, काकू रामरक्षा म्हणू लागल्या. शेवटी कशीबशी कडेला थांबवून ब्रेक निवू दिले. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच हवी. मग इंजिनच तिला आवरून धरतं. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तर नियमच आहे. चढावर थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा हलवणं महाकठीण!

हल्ली काका घाटमाथ्यावरच दुसरा गिअर टाकतात. मागच्या सीटवरून आम्ही सगळे बघत असतो ना!