पेरणं तर आहेच

ख्रिस्ती घरावर संकट आलं की भेटायला येणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो : “देव परीक्षा बघतोय, विश्वास ठेवा.” माझं सारं आयुष्य यवतमाळच्या मंडळीत गेलं. शाळेत मराठी शिकवलं, रविवारी संडे स्कूलच्या मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या, आणि आता निवृत्तीनंतर बायकांची प्रार्थनासभा चालवते. हे वाक्य ऐकत ऐकतच मी म्हातारी झाले. म्हणणारा प्रेमानंच म्हणतो. तरी ते अर्धवट आहे, आणि दुःखातल्या माणसाला अर्धवट गोष्ट फार लागते. दुःखातून देवावरचा भरवसा आणि त्याचं आज्ञापालन शिकता येतं, असं आमचा धर्म मानतो. पण ते शिकणं घडतं कसं, हे आम्ही क्वचितच नीट सांगतो.

2017 चा खरीप आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या उंचीला गेली होती. त्या दाट पिकात शिरून फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. जिल्ह्यातली वीसच्या वर माणसं गेली. पुढे गुलाबी बोंडअळीनं उरलंसुरलं पीक खाल्लं. माझे धाकटे दीर त्याच दिवसांत दवाखान्यात पडून होते. डोळ्यांची आग होत होती, समोरचं धड दिसत नव्हतं. ते वाचले. शेजारच्या खाटेवरचा मजूर वाचला नाही. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, आणि कुणीतरी तिलाही परीक्षेचं तेच वाक्य ऐकवलं. ती काही बोलली नाही. तिच्या वतीनं बायबलच बोलतं, असं मला वाटतं.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या सज्जन माणसाची कथा आहे. त्याची गुरंढोरं गेली, मुलं मेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं : तुझ्या हातून काही पाप घडलं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही. ईयोब चिडला, देवाशी भांडला, त्याच्याकडे जाब मागितला. बेचाळीस अध्यायांच्या या पुस्तकाच्या शेवटी देव दोष देतो तो त्या मित्रांना. भांडणारा ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, असा निवाडा तो करतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि त्याच्याशी भांडणारा बरोबर ठरला, हे धर्मग्रंथातच लिहिलेलं आहे!

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतली जवळपास एक तृतीयांश तक्रारीची, विलापाची आहेत. हबक्कूक संदेष्टा तर आमच्या कोरडवाहू शेतकऱ्यासारखी यादीच देतो : अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत. तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं तो पुढे म्हणतो. पण आधी एकेक नुकसान मोजून मगच. नुकसान झाकून केलेल्या आनंदाला तिथे जागा नाही.

स्वतः येशूसुद्धा, इब्री लोकांस पत्र सांगतं त्याप्रमाणे, जे सोसलं त्यातून आज्ञाधारकपणा शिकला. गेथशेमाने बागेत त्यानं हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून पुन्हा पुन्हा विनवणी केली. मनातलं पूर्ण बोलून झाल्यावर त्यानं पित्याची इच्छा पत्करली, आणि मग उठून तो समोरच्या वाटेनं चालू लागला. आज्ञापालनाचा क्रम हा असा आहे. आधी खरं बोलणं, मग पुढचं पाऊल.

हा क्रम जगून दाखवणारी एक मराठी बाई सगळ्यांच्या ओळखीची आहे : ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या कथेचा एक धागा थेट आमच्या भागाशी जुळतो. 1893 च्या सुमारास त्यांचे पती नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. हे गृहस्थ म्हणजे 1881 साली भारतात आलेले अर्नेस्ट वॉर्ड. ते फ्री मेथडिस्ट मिशनचे, आणि याच मिशननं पुढे यवतमाळ जिल्ह्यात मूळ धरलं.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून घर मोडलं, आणि पदरात लहानगा दत्तू. त्या आक्रोश करत राहिल्या, देवाला आणि टिळकांना दोघांनाही बोल लावत राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, तेही आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवून. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी विश्वास ठेवला नाही. माणसामाणसांत जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला. उत्तर मिळाल्यावर लगेच विटाळ सोडला, कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जेवढं कळलं तेवढं त्यांनी त्याच दिवसापासून पाळलं. पुढचं पुढे कळत गेलं. दारी आलेल्या अनाथ पोरांना घरात घेतलं. 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं ते महाकाव्य हाती घेऊन पुढे नेलं. भरवसा त्यांच्याकडे आधीपासून साठवलेला नव्हता. एकेक काम करताना तो तयार होत गेला.

पंडिता रमाबाईंचंही तेच. दुष्काळात आईवडील आणि बहीण, पुढे भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा, अशी एकेक माणसं त्यांनी गमावली. उपाशी मरणं म्हणजे काय हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. देव मला का सोसायला लावतो, या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणी दिलं नाही. पुढे काय करायचं, ते मात्र कळलं.

आता पुन्हा आमच्या घराकडे येते. 2017 च्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाचा पहिला वाटा देवाला वाहतात त्या सणाला, दिरांनी एक लहान गाठोडं आणलं. वेदीपुढे तांदूळ, भोपळे, केळी मांडलेली होती. त्यांनी गाठोडं सोडलं. आत कवडी होती, बोंडअळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला कापूस. चिमटीत धरला तर किडक्या सरकीचा भुगा हाताला लागायचा. पाळकसाहेबांनी काही विचारायच्या आत दीर म्हणाले, “जे आलं ते आणलं. रागबी आणला.” पाळकसाहेबांनी ती कवडी इतर अर्पणांच्या बरोबरीनं ठेवली आणि सगळ्यांवर मिळून प्रार्थना केली.

पुढच्या जून महिन्यात आमचे हे त्यांच्या घरी गेले. दीर ओसरीवर बसले होते. “पेरनं तं हायेच,” हे म्हणाले. दिरांना अजून फार वेळ उभं राहवत नव्हतं. मंडळीतल्या चार जणांनी बैलजोड्या आणल्या, पेरणी झाली, डवरणीलाही माणसं आली. पाऊस येईल याची खात्री कुणालाच नव्हती. खात्री आल्यावर पेरायचं म्हटलं तर विदर्भात कुणी पेरलंच नसतं. देवावरचा भरवसाही असाच आहे.

म्हणून प्रार्थनासभेतल्या बायकांना मी सांगते : दुःखाच्या घरी जाल तेव्हा ईयोबच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा. जवळ बसा. स्वयंपाक करा, पोरांची शाळा बघा, बँकेत आणि तहसीलला सोबत जा. घरची बाई देवाशी भांडत असेल तर तिला अडवू नका. तिचं भांडण हीच तिची प्रार्थना आहे. संकट कुणाला आपोआप विश्वास शिकवत नाही, पुष्कळांना ते मोडून टाकतं. त्यातून जो सावरतो त्याच्याजवळ बहुतेकदा दोन गोष्टी असतात : मनातलं खरं बोलायला एक देव, आणि पुढचं काम करायला सोबतीची माणसं. त्यांतली पहिली गोष्ट देणं आपल्या हाती नाही. दुसरी आहे, आणि ती देणं हेच आपलं आज्ञापालन.