पासपोर्ट भारताचा, मत हॅरोचं

4 जुलै 2024. हॅरोतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी भारतीय पासपोर्ट पुढे केला. टेबलामागच्या आजींनी फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, यादीतल्या नावावर रेघ ओढली आणि मतपत्रिका हातात दिली. खुणेसाठी दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. शाई नाही, मशीन नाही, बंदूकधारी जवान नाही. दारात दोन कुत्री मालकांची वाट बघत बसलेली.

घरच्या ग्रुपवर कोऱ्या बोटाचा फोटो टाकला, तर काका उखडले. “अगं, त्यांच्या निवडणुकीत तू कोण लुडबुड करणारी? पकडतील!”

नाही हो पकडत, काका. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असला की त्याला पार्लमेंटसाठी मत असतं. साम्राज्य गेलं, ही सवय तेवढी राहिली. यादीत नाव असलं की पक्षाला देणगीही देता येते. 500 पौंडांच्या वर रक्कम गेली की देणारा कोण, हे मात्र पक्षाला तपासावं लागतं. 2023च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे तो परक्या सरकारसाठी धमकावून किंवा ओळख लपवून निवडणुकीत हात घालण्याला.

आपल्याकडे? 2019 साली बांगलादेशी नट फिरदौस अहमद रायगंजमध्ये तृणमूलच्या प्रचारात दिसला. लगेच व्हिसा रद्द, चालता हो. ते ठीकच. पण 2014 साली दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस दोघांनीही वेदांत समूहाकडून घेतलेल्या देणग्या परकीय ठरवल्या, तेव्हा काय झालं? ‘परकीय’ची व्याख्याच बदलली आणि 2018 साली ती थेट 1976पासून लागू केली! नट परका, पैसा मात्र घरचा. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांचं एवढ्यावर बरं जमलं.

इथलेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. कंपनी ब्रिटनमध्ये नोंदलेली आणि इथे धंदा करणारी असली की तिची देणगी चालत होती, मग मालक कुठलाही असो.

आईचा प्रश्न वेगळाच होता. “तिथे जाऊन मत देतेस, मग कोथरूडला का नाही आलीस?” आई, परदेशस्थ मतदार म्हणून नाव घातलं तरी टपालाने मत देता येत नाही, केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. 13 मे रोजी पुण्यात मतदान होतं, आणि जाण्यायेण्याचं तिकीट पासष्ट हजारांचं.