वस्तू शोधताना वाट दाखविणारा कोण?

अंबिया बहराचे दिवस होते. सौंसर तहसिलीतील एका परिचित घरी आम्ही बसलो होतो. अंगणात फवारणीचा एक नवाकोरा बॅटरीचा पंप भिंतीशी टेकून ठेवलेला होता. बागेतील संत्र्यांना कोवळी नवती फुटली होती, तिच्यावर सायला किडीने ठाण मांडले होते, आणि पंप मात्र दुसऱ्याच दिवशी बंद पडला होता. तो मागविला होता मोबाइलवरून. परत पाठवावा तर आठ-दहा दिवसांची खोटी. दुरुस्त करावा तर त्या बनावटीचे सुटे भाग सौंसरातही मिळेनात आणि पांढुर्ण्यातही मिळेनात. घरधन्याने मुलाला विचारले, “अरे, इतक्या पंपांतून नेमका हाच कसा निवडलास?” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “बाबा, सर्वांत वर हाच होता.”

त्या उत्तरात लबाडी नव्हती, आळसही नव्हता. जे वर दिसते ते चांगले असेल, असे त्या मुलाला वाटले. आपल्यापैकी पुष्कळांना तसेच वाटते. परंतु तो पंप वर कोणी ठेवला, आणि कशासाठी? हा प्रश्न त्या घरात कोणाच्याही मनात आला नव्हता. वाचकहो, आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

मधल्या माणसाचा वाटा

संत्र्याच्या मुलखात राहणाऱ्यांस ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊ नये. फळे झाडावर असतानाच व्यापारी बागेत येतो, अंदाज बांधतो आणि अख्ख्या बगिच्याचा सौदा करतो. माल व गिऱ्हाईक यांच्यामध्ये जो उभा राहतो तो आपला वाटा घेतो, हे शेतकरी पुरते जाणून असतो. त्यात गुपित असे काही नसते. दलाल कोण, तो कोणाच्या बाजूने बोलतो आणि त्याची दलाली किती, हे चार माणसांत विचारता येते.

वस्तू विकत घेतानाही पूर्वी असेच होते. पंप हवा असेल तर आपण शेजारच्या बागाइतदारास विचारीत असू. तो ज्या दुकानाचे नाव सांगे, तेथे जात असू. शेजारी खोटे सांगणार नाही, कारण उद्या पुन्हा त्याची आपली गाठ पडावयाची असे. आता ते विचारणे आपण मोबाइलला विचारतो. बदल झाला तो येथे. वाट दाखविणारा आता शेजारी नाही. तो एक प्रचंड व्यापारी संस्था आहे, आणि वाट दाखविणे हाच तिचा धंदा आहे.

दोन बलाढ्य वाटाडे

जगात असे वाटाडे मुख्यतः दोन जातींचे आहेत. पहिली जात शोधयंत्रांची. त्यांत गूगल सर्वांत मोठे. अमेरिकेत १९९८ साली त्याची स्थापना झाली. तेथे कोणताही प्रश्न विचारावा: पावसाचा अंदाज, रोगाचे औषध, गाडीची वेळ किंवा पंपाची किंमत. दुसरी जात ऑनलाइन दुकानांची. १९९५ साली ॲमेझॉनने अमेरिकेत पुस्तके विकण्यास प्रारंभ केला आणि पुढे सुईपासून फ्रीजपर्यंत सर्व काही विकावयास घेतले. आपल्या देशात फ्लिपकार्टही २००७ साली बंगळूर येथे पुस्तकांपासूनच निघाली. २०१३ च्या जूनमध्ये ॲमेझॉन भारतात आली. २०१८ साली अमेरिकेतील वॉलमार्ट या कंपनीने फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा सुमारे १,६०० कोटी डॉलर देऊन विकत घेतला. एवढी मोठी रक्कम जेथे ओतली जाते, तेथे हिशेबही मोठाच असला पाहिजे.

प्रथम या दोघांचे काम वेगळे होते. गूगलने दुकान दाखवावे आणि ॲमेझॉनने माल विकावा. परंतु लोकांची सवय बदलली. ज्याला वस्तू घ्यावयाची आहे, तो गूगलच्या दारी न थांबता थेट दुकानात जाऊन शोधू लागला. कारण तेथे छायाचित्र, किंमत, इतर गिऱ्हाइकांचे अभिप्राय आणि घरपोच पाठविण्याची सोय ही सारी एकाच ठिकाणी होती. २०१४ च्या ऑक्टोबरात गूगलचे तत्कालीन अध्यक्ष एरिक श्मिट यांनी बर्लिन येथील भाषणात सांगितले की, शोधाच्या क्षेत्रात आपला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी दुसरे शोधयंत्र नसून ॲमेझॉन आहे. पुष्कळांना तेव्हा आश्चर्य वाटले. आज वाटणार नाही.

भांडण कशासाठी?

एखाद्याने गूगलला विचारले की, जाम नदी कोठून वाहते, तर त्या प्रश्नातून कंपनीला सहसा काही मिळत नाही. परंतु त्याच माणसाने ‘फवारणीचा पंप’ असे शब्द लिहिले की, त्याच्या खिशात पैसे आहेत आणि तो खर्च करण्याच्या बेतात आहे, हे उघड होते. अशा माणसासमोर प्रथम उभे राहण्यासाठी व्यापारी पैसे मोजण्यास तयार असतात. शब्द लिहून बोट उचलण्याच्या आत यंत्रामध्ये एक लिलाव होतो. कोण किती देणार आणि कोणाच्या जाहिरातीवर लोक बोट ठेवण्याचा संभव अधिक, हे दोन्ही पाहून जागा वाटल्या जातात. त्या चित्रावर आपण बोट ठेविले की, बहुधा तेवढ्यानेच व्यापाऱ्याच्या खात्यातून पैसे वळते होतात. मग आपण वस्तू घेवो अथवा न घेवो.

ऑनलाइन दुकानांनीही हीच विद्या आत्मसात केली आहे. तेथे विक्रेता विक्रीवर दलाली देतो ती वेगळी, आणि आपला माल वर दिसावा म्हणून देतो ते पैसे वेगळे. २०२४ या एका वर्षात ॲमेझॉनने जगभरातून केवळ जाहिरातींपोटी ५,६०० कोटी डॉलरहून अधिक मिळविले. गूगलला त्याच वर्षी शोधाच्या धंद्यातून सुमारे १९,८०० कोटी डॉलर मिळाले. हे पैसे व्यापाऱ्याने दिले खरे. परंतु तो ते कोठून आणणार? मालाच्या किमतीतूनच. म्हणजे वाट दाखविण्याचे मोल शेवटी वाटसरूच चुकते करतो.

या चुरशीचा गिऱ्हाइकाला लाभ मुळीच झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गूगलने २००२ साली वस्तू शोधण्याची विनामूल्य सोय काढली होती. २०१२ साली तिने त्या जागेसाठी पैसे घेण्यास सुरुवात केली. २०१८ च्या डिसेंबरात गूगलने भारतातही खरेदीचे निराळे पान उघडले. पुढे २०२० साली मात्र व्यापाऱ्यांना तिच्या खरेदीच्या पानावर पुन्हा विनामूल्य नोंद करू देण्यात आली. दोन मोठे झगडतात तेव्हा लहानाला कधी कधी थोडी जागा मिळते, ती अशी. ऑनलाइन दुकानांमुळे खेड्यातल्या माणसाला शहरातला भाव घरबसल्या कळू लागला, हेही खरेच.

न्यायासनापुढे

परंतु वाटाड्या स्वतःच दुकानदार झाला, किंवा स्वतःच्या माणसाला पुढे करू लागला, तर काय? युरोपात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. भाव तोलून दाखविणाऱ्या इतरांना खाली ढकलून गूगल स्वतःची खरेदीची सेवा वर दाखविते, असा निष्कर्ष काढून युरोपीय आयोगाने २०१७ च्या जूनमध्ये तिला २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या सप्टेंबरात तो कायम केला. आपल्या देशातही भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ च्या फेब्रुवारीत शोधातील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपये दंड केला. गूगलने त्याविरुद्ध अपील केले. दुकानेही संशयातून सुटली नाहीत. ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते, अशी तक्रार दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी केल्यावरून त्याच आयोगाने २०२० च्या जानेवारीत ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला.

कायद्याने सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीही काही दिले आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे, माल वर किंवा खाली कोणत्या मुख्य कारणांनी दाखविला जातो, हे ऑनलाइन बाजारपेठेने समजावून सांगितले पाहिजे. २०२३ च्या नोव्हेंबरात निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी, जाहिरात ही जाहिरात नसल्याचे भासविणे गैर ठरविले आहे. परंतु कायदा कागदावर असतो आणि बोट आपले असते. बोट ठेवण्यापूर्वी वाचणे, हे काम कायदा आपल्यासाठी करणार नाही.

आमच्या गावांचे काय?

पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणून बाजारपेठ आपोआप नांदत नाही. रस्त्यावरच्या दुकानदाराचे हत्यारांचे, भांड्यांचे, कापडाचे दुकान मोबाइलच्या पडद्यावर वर दिसत नाही. वर दिसण्यासाठी लिलावात बोली लावावी, एवढे त्याचे भांडवल नसते. वस्तुतः आमच्या त्या स्नेह्यांना लागणारा पंप पांढुर्ण्यातील एका दुकानात होता. किंमत थोडी अधिक होती. परंतु दुकानदार तो स्वतः दुरुस्त करून देतो. ही गोष्ट आम्हांला मागाहून कळली. मोबाइलने ती सांगितली नव्हती, कारण तिला कोणी ती सांगावयास लावले नव्हते.

येथे दुकानदार बंधूंनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. गूगलच्या नकाशावर आपले दुकान, त्याची वेळ व दूरध्वनी क्रमांक नोंदविण्यास पैसे पडत नाहीत. घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने एका संध्याकाळी हे काम करून द्यावे. भारत सरकारच्या प्रेरणेने निघालेले ओएनडीसी हे खुले जाळे २०२२ पासून सुरू झाले आहे. एका ठिकाणी नोंदलेला माल दुसऱ्या ठिकाणच्या गिऱ्हाइकाला दिसावा, हा त्याचा हेतू आहे. त्याचीही चौकशी करून पाहावी.

घरोघरी पाळावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट: चित्राजवळ बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ असे लिहिले आहे काय, ते पाहावे. तसे असेल तर वस्तू वाईटच आहे असे नव्हे. परंतु ती वर असण्याचे एक कारण पैसा आहे, एवढे समजून खाली आणखी दहा वस्तू पाहाव्यात. दुसरी: वस्तूचे पूर्ण नाव व बनावटीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि तो दुसऱ्या ठिकाणीही शोधावा. तिसरी: विकणारा कोण आहे, माल परत घेण्याची मुदत किती आणि दुरुस्ती कोठे होईल, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे. चौथी: आपल्या गावच्या दुकानदाराला एकदा दूरध्वनी करून भाव विचारावा. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

अलीकडे बोलून उत्तर देणारी यंत्रेही निघाली आहेत. ‘कोणता पंप घेऊ?’ असे विचारले की, ती दहा नावे न दाखविता एक-दोन नावे सांगतात. ती नावे कोणी पुढे केली, हे ओळखणे तर अधिकच कठीण. म्हणून प्रश्न विचारण्याची सवय आताच लागावयास हवी.

त्या घरी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पंप परत गेला होता. फवारणी शेजाऱ्याचा पंप मागून आणून उरकली होती. काही झाडांची नवती गेली ती गेलीच. मुलगा मोबाइल घेऊन बापाजवळ बसला होता. या वेळी ताडपत्री पाहावयाची होती. बाप म्हणाला, “आधी खालपर्यंत जा. मग सांग.” आम्हांला वाटते, त्या घराने नुकसानीचे मोल वसूल करून घेतले.