दूध कोणत्या भांड्यात तापते?

स्वयंपाकघर हा आता घराचा दर्शनी भाग झाला आहे. पूर्वी पाहुण्यांची नजर माजघराच्या पलीकडे जात नसे. आज नव्या घराचा धनी पाहुण्यांना कौतुकाने आधी ओटा दाखवतो, मग शेगडी, चिमणी आणि नामांकित कंपन्यांची भांडी. सौंसर-पांढुर्ण्याची मंडळी लग्नाच्या खरेदीला नागपूर गाठतात, तेव्हा त्यांच्या यादीत आता तांब्या-पितळेची भांडीही पुन्हा दिसू लागली आहेत. आजीच्या काळातील वस्तू प्रतिष्ठेची झाली, याचा आनंदच आहे. मात्र या प्रतिष्ठेला वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रकरण जोडलेले आहे. ते प्रत्येक घरातील कर्त्या स्त्रीला ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या भागाला पितळ परके नाही. भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्धच आहेत. पाण्याचा गुंड, दुधाचा गंज आणि आंदणातील घागर यांवरून घराची ऐपत जोखली जाई. तिकडे पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीने ठोक्याठोक्याने घडवलेल्या तांब्याच्या भांड्यांची परंपरा जपली. या कारागिरीविषयी मला नितांत आदर आहे. प्रश्न धातूच्या सौंदर्याचा नाही, त्या धातूत काय शिजवावे याचा आहे.

विसाव्या शतकात भारतातील बालरोगतज्ज्ञांना एका व्याधीने हतबल केले होते. वैद्यकात ती ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ म्हणून ओळखली जाते. बहुधा एक ते तीन वर्षांचे बालक चिडचिडे होई, त्याचे पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण लागे. पुढे कावीळ, जलोदर आणि काही महिन्यांत मृत्यू. एकाच आईची दोन-तीन लेकरे अशी गेल्याची उदाहरणे होती. त्यामुळे कुणी आनुवंशिकतेकडे बोट दाखवी, कुणी दैवाकडे. विशेष म्हणजे हा आजार केवळ अन्नान्न दशेतील घरांचा नव्हता. खात्यापित्या मध्यमवर्गीय कुटुंबांतही तो वरचेवर आढळे.

या कोड्याची उकल आपल्या महाराष्ट्रातच झाली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत या बालकांचा आहार आणि घरातील भांडी तपासली. या बालकांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असे. निरोगी यकृतात कोरड्या ऊतीच्या दर ग्रॅममागे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. येथे ते कित्येक पटींनी अधिक आढळले. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून त्यांनी कारण मांडले: अगदी लहान वयात सुरू केलेले वरचे दूध आणि ते तापवण्या-साठवण्यासाठी वापरलेली तांब्या-पितळेची भांडी. ज्या पात्रामुळे घराची शोभा वाढत होती, तेच पाळण्यातल्या जिवाच्या यकृतात विष साठवीत होते.

युरोपातही असेच घडल्याचे पुढे उजेडात आले. ऑस्ट्रियातील टायरोल या डोंगरी प्रदेशात १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतविकाराने दगावलेल्या १३८ बालकांची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवले जाई. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. ज्या बालकांची प्रकृती जन्मतःच या धातूपुढे दुबळी, त्यांनाच तो ग्रासत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. पण आपले बालक त्यांपैकी आहे की नाही, हे आईला कसे कळावे?

दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. दूध तापवून त्याच भांड्यात राहू दिले की धातू दुधात उतरत जातो. आंबट पदार्थांतही तांबे विरघळते. म्हणूनच पूर्वजांनी कल्हईची योजना केली होती. भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले की आतून चंदेरी थर चढे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे रिकामे भांडे आचेवर राहिले, किंवा रोजच्या घासण्याने थर झिजला, की संरक्षण संपते. कल्हईवाल्याची हाक गल्लीबोळांतून विरत गेली; सुदैवाने त्याच काळात स्टेनलेस स्टील घरोघरी पोहोचले. आज हा आजार जवळजवळ इतिहासजमा झाला आहे, याचे मोठे श्रेय बदललेल्या भांड्यांना जाते.

उत्तम कंपन्याही हेच तत्त्व पाळतात. फ्रान्समधील ‘मोव्हिएल’ ही १८३० साली स्थापन झालेली कंपनी तांब्याच्या महागड्या पातेल्यांसाठी जगभर ओळखली जाते. त्या पातेल्यांना आतून स्टीलचे वा कथलाचे अस्तर असते. तांबे उष्णता समप्रमाणात पसरवण्यासाठी. अन्नाचा स्पर्श मात्र अस्तराला. तेव्हा खरेदी करताना बाहेरची झळाळी आणि नाममुद्रा पाहण्याआधी भांड्याच्या आत डोकवावे.

आपणा सर्व वैद्यक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. मूल वाढत नाही, यकृत हाताला लागते, अशा वेळी ‘बाळ काय पिते?’ या प्रश्नाला ‘ते कोणत्या भांड्यात तापते?’ हा दुसरा प्रश्न जोडावा. जुना आजार विस्मरणात गेला की त्याचे कारण मागल्या दाराने परत येऊ शकते. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध. पुढे वरचे दूध स्टीलच्या पातेल्यात. दही, ताक, कढी, चिंचेचे सार बिनकल्हईच्या पितळेत कदापि नको.

आजीचा पितळी गंज घरात जरूर असावा. त्याला घासूनपुसून, फुले घालून दिवाणखान्यात मानाने ठेवावे. नातवाचे दूध मात्र साध्या स्टीलच्या पातेल्यातच तापवावे.