चौकोनी ठोकळ्यांची वाटोळी टाकी

पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरची प्रतिकृती लेगोच्या ठोकळ्यांतून उभी करणे हे वरकरणी बालकांचे काम वाटले, तरी या खेळण्यामागील शास्त्राची इतकी कसून परीक्षा पाहणारे दुसरे वाहन क्वचितच सापडेल. कारण घर, किल्ला, पूल, बस या वस्तू मुळातच काटकोनी असल्यामुळे काटकोनी ठोकळ्यांतून त्या सहज साधतात, परंतु टँकरचे सारे वैशिष्ट्य त्याच्या वाटोळ्या टाकीत असते, आणि ज्या ठोकळ्यांतून ती घडवायची त्यांच्या अंगी, माथ्यावरच्या खुंट्या सोडल्या तर, वाटोळेपणाचा लवलेशही नसतो. म्हणून असा संच हाती आला म्हणजे त्यात तुकडे किती आणि तो जुळवायला वेळ किती लागला ही चौकशी मी गौण मानतो. चौकोनातून वर्तुळाकडे जाण्याची वाट त्याने कशी काढली आहे, यावरच त्याचे गुणदोष ठरवावेत असे माझे मत आहे.

त्यासाठी प्रथम ठोकळ्याचे माप ध्यानी घेतले पाहिजे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ साली खेळण्यांचा जो उद्योग आरंभला, त्यातून १९४९ मध्ये बाहेर पडलेले प्लॅस्टिकचे ठोकळे आतून नुसते पोकळ होते, आणि त्यांची पकड इतकी ढिली असे की रचलेली वस्तू जरा हलवली तरी विस्कटे. या उणिवेवर त्याचा पुत्र गॉटफ्रेड याने योजलेला व २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल केलेला उपाय म्हणजे ठोकळ्याच्या पोटातील नळ्या. शेजारच्या दोन खुंट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर आणि खुंटीचा व्यास ४.८ मिलिमीटर, तेव्हा चार खुंट्यांच्या चौरसाचा कर्ण पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार ११.३१ मिलिमीटर भरतो, त्यातून एका खुंटीचा व्यास वजा केला असता ६.५१ मिलिमीटर उरतात, आणि नेमक्या तेवढ्या व्यासाची नळी त्या चार खुंट्यांच्या मधोमध जाऊन चोहोंकडून दाबली जाते. १९६३ पासून वापरात आलेले एबीएस प्लॅस्टिक या दाबाखाली किंचित लवते व सुटताच पूर्ववत होते. त्यातून उपजणारे घर्षण हीच ठोकळ्यांची सारी पकड. येथे मिलिमीटरच्या शतांशाची चूकही बोटांना जाणवते, आणि साच्यांच्या बाबतीत पाळलेल्या या कडक शिस्तीमुळेच १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बिनदिक्कत बसतो.

आता टाकीकडे वळू. चपट्या पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर असल्यामुळे पाच पट्ट्यांची चळत १६ मिलिमीटर होते, म्हणजे बरोबर दोन खुंट्यांच्या रुंदीइतकी. या एका समीकरणामुळे ठोकळे आडवे निजवून, खुंट्या कुशीकडे वळवूनही सारी मापे जुळतात. कुशल रचनाकार चारही बाजूंना खुंट्या असलेला एक चौकोनी गाभा बांधतो व त्याच्यावर चार दिशांनी वक्र पृष्ठाचे तुकडे चढवतो, तेव्हा काटकोन दृष्टीआड होऊन गोलाई अवतरते. याउलट काही संचांत अर्धवर्तुळाकार पत्र्यासारखे मोठे तयार तुकडेच हाती दिलेले असतात. टाकी क्षणार्धात होते, पण बांधणाऱ्याच्या बुद्धीला काम उरत नाही. टाकीवरील पांढऱ्या, हिरव्या व तांबड्या रंगांतले ‘ऑक्टन’ हे नाव १९९२ पासून चालत आलेल्या एका काल्पनिक तेलकंपनीचे आहे. तत्पूर्वी तेथे बहुधा शेलचा शिंपला असे.

खऱ्या टँकरची टाकी वाटोळी असते ती शोभेसाठी नव्हे. दिलेले क्षेत्रफळ कमीत कमी परिघात सामावणारी आकृती वर्तुळ होय, त्यामुळे पत्रा कमी लागतो. शिवाय सपाट भिंत द्रवाच्या दाबाने फुगते आणि कोपऱ्यात ताण एकवटतो, हे दोन्ही दोष वक्रतेने टळतात. स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर दाबाखालील द्रव नेतो, म्हणून तो पूर्ण गोल ठेवणे प्राप्तच असते. पेट्रोलवर तसा दाब नसल्याने त्याची टाकी पुष्कळदा लंबवर्तुळाकार, आडवी पसरट करतात, जेणेकरून गुरुत्वमध्य खाली राहावा व वळणावर गाडी कलंडू नये. तेव्हा खेळण्यातील पेट्रोलची टाकी उंचीपेक्षा रुंदीला अधिक असेल, तर तिच्या रचनाकाराने मूळ वाहन बारकाईने न्याहाळले आहे असे खुशाल समजावे.

परंतु ज्या गोष्टीवर चालकाचे प्राण अवलंबून असतात ती बाहेरून दिसतच नाही. अर्धवट भरलेली टाकी घेऊन धावणाऱ्या गाडीचा वेग ब्रेक दाबून गुरुत्वत्वरणाच्या तीन-दशांश दराने कमी केला, तर आतील द्रवाचा पृष्ठभाग सुमारे १७ अंशांनी कलण्याकडे झेपावतो. टनावारी पेट्रोल पुढे लोटले जाऊन गाडीला आतून धक्का बसतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत द्रवाला हलण्यास जागाच नसते, म्हणून या बाबतीत अर्धी टाकी पूर्ण टाकीहून अधिक घातक ठरते. यावर तजवीज म्हणून टाकीचे स्वतंत्र कप्पे पाडतात आणि लांब कप्प्यांत छिद्रे असलेल्या आडभिंती बसवतात, ज्या द्रवाला वाट देतात परंतु त्याची धाव मोडतात. पेट्रोल नळीतून वाहताना स्थितिक विद्युत साचते, तिच्या निचऱ्यासाठी नळी जोडण्यापूर्वी गाडी तारेने जमिनीशी जोडतात. खेळण्यात नळी बहुधा असते. तार मात्र नसते, आणि आडभिंत तर नसतेच.

या शेवटच्या मुद्द्यावर मला माझ्या निवाड्यात दुरुस्ती करणे भाग आहे. भरीव गाभ्यावर रचलेली टाकी कारागिरीत सरस असली तरी तिच्या पोटात काही दाखवायला जागा नसते. तयार अर्धवर्तुळी तुकड्यांची टाकी मात्र आतून रिकामी असते. तिचे वरचे आवरण उचलून आत उभ्या पट्ट्यांच्या तीन भिंती रोवल्या की चार कप्पे होतात, आणि त्यांपैकी एका कप्प्यात तळाशी व माथ्याशी फट ठेवून आणखी एक अपुरी भिंत उभारली की मुलाच्या हाती आडभिंतीचा नमुना येतो. त्याला लागणाऱ्या पट्ट्या घरातील जुन्या डब्यात बहुधा सापडतात.