मोटरचा ताप!

वीकेंडला मित्रमंडळी लोणावळ्याला आणि मी बाल्कनीत, भुशात! दिवसभर कोडिंग करणाऱ्या माणसाने घरी सीएनसी राउटर का बांधावा, हे बायकोला अजून पटलेलं नाही. पण कम्प्युटरवर काढलेली वेलबुट्टी लाकडात उतरताना एकदा बघाच. वेड लागतं.

गेल्या मे महिन्यात आजोबांच्या जुन्या घराच्या दाराची सागवानी फळी मशीनवर चढवली. बाबांच्या नावाची पाटी करायची होती. बाबा कौतुकाने बघायला आले, वर-खाली होणाऱ्या झेड ॲक्सिसच्या सर्व्हो मोटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अरे, चटका बसतोय!" मी ऐटीत म्हणालो, "बाबा, मोटर म्हटली की तापणारच."

अर्ध्या तासात ड्राइव्हने ओव्हरलोडचा एरर दाखवला आणि मोटरचा करंट तोडला. फिरता स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली आला. फळीला आरपार भोक! बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मग मुकाट्याने अभ्यासाला बसलो. स्टेपर मोटर नुसती उभी असतानाही करंट ओढते, त्यामुळे तिचं तापणं नॉर्मल. सर्व्हो मात्र कामापुरताच करंट घेते. आडव्या ॲक्सिसवर ती रिकामी उभी असेल तर फार तर कोमट लागायला हवी. माझ्या झेडला उसंतच नव्हती. हौसेने जड स्पिंडल लावला, मोटर जुनीच ठेवली. तो तोलून धरायला ती सतत करंट घेत होती. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते! त्यात शेजाऱ्यांना आवाज नको म्हणून मशीनवर बंद खोकं. बहुतेक मोटरचं रेटिंग भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत आहे असं धरून दिलेलं असतं. पुण्याचा मे, त्यात खोकं... हिशेब तुम्हीच करा.

तुमचीही मोटर तापतेय? मग हे बघा :

* बोट टेकवून ठेवता येत नाही म्हणजे साधारण ५०-६० अंश. काम करताना एवढं चालतं, कारण 'एफ' क्लासचं इन्सुलेशन १५५ अंश सोसतं. पण साध्या निओडिमियम मॅग्नेटची मर्यादा ८०च्या आसपास असते. अंदाज नको, थर्मामीटर लावा.
* उभी असताना गुणगुणते आणि तापते? ट्यूनिंगमधला गेन कमी करून बघा.
* पॉवर बंद करून ॲक्सिस हाताने सरकवा. जड वाटला तर ग्रीस आणि अलाइनमेंट तपासा.
* झेडला ब्रेकवाली मोटर घ्या. वजन पेलायला गॅस स्प्रिंगही लावा.

मी दोन्ही केलं, खोक्याला पंखाही बसवला. पाटी त्याच फळीची झाली. भोकात आता बेलचं बटण आहे!

परवा बाबांनी पुन्हा मोटरला हात लावला. या वेळी तो तिथेच राहिला.