देवळालीचे कापरेकर मास्तर आणि ६१७४

गीक म्हटलं की लोकांना जाड चष्मा आणि लॅपटॉप आठवतो. मला आठवतात द. रा. कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर, आणि डोक्यात अष्टौप्रहर आकडे. पीएचडी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही.

त्यांची सगळ्यात गाजलेली गंमत करून बघाच. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. (तीनच अंक उरले तर शून्य जोडून चार करा.) जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच अडकतं. त्यांचं जन्मवर्ष १९०५ घेतलं तर बरोब्बर सात लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. मला तर हे फारच आवडलं!

आपल्याकडे अनेक गणितज्ञांनी हा पोरखेळ मानला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा नाव जगभर झालं. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. पण कौतुकासाठी ते थांबलेच कुठे होते? १, १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी चक्क एका रेल्वे स्टेशनवरून 'डेमलो' नाव दिलं होतं.

तीन अंकी संख्येवर हाच प्रयोग केला की गाडी ४९५ वर थांबते. कागद घ्या, कॅल्क्युलेटर नको.